दिव्यांच्या माळा, माळ्यावरचा माणूस

थंडीची रात्र आहे. एक जुनं, ऐसपैस घर. दाराला हिरव्या डहाळ्यांचं कडं, बाहेर रंगीत दिव्यांच्या माळा. आत तरुण मुलामुलींची पार्टी चाललेली. आपण बाहेर अंगणात उभे आहोत आणि अगदी कानाशी कुणाचा तरी जड श्वास ऐकू येतोय. तो श्वास घराजवळ येतो, खिडकीतून आत डोकावतो, मग वेल चढवायला भिंतीला ठोकलेल्या लाकडी जाळीवर हात टाकून वर चढू लागतो. त्याचे हात दिसतात, चेहरा नाही. माळ्याची खिडकी उघडून तो आत उतरतो. खाली हसणं-खिदळणं चालूच आहे. चित्रपट संपेपर्यंत हा माणूस त्याच घरात राहतो, आणि त्याचा चेहरा आपल्याला एकदाही नीट दिसत नाही.

बॉब क्लार्कच्या 'ब्लॅक ख्रिसमस'ची (१९७४) ही सुरुवात. सणाच्या दिवसावर बेतलेल्या भयपटांची जी मोठी रांग पुढे लागली, तिच्या तोंडाशी हा चित्रपट उभा आहे. ख्रिसमस, हॅलोविन, थँक्सगिव्हिंग, व्हॅलेंटाइन डे, मदर्स डे, एप्रिल फूल, नववर्षाची रात्र... अमेरिका-कॅनडाच्या कॅलेंडरातला एकही साजरा होणारा दिवस या मंडळींनी सोडला नाही. बहुतेक चित्रपट तुटपुंज्या पैशांत, अनोळखी नटांना घेऊन, तीन-चार आठवड्यांत उरकलेले. त्यांच्यावर दोन आक्षेप पहिल्यापासून घेतले जातात. एक, घरच्यांनी एकत्र बसून आनंद करायच्या दिवसाची ही विटंबना आहे. दुसरा, खिशात पैसा आणि डोक्यात कल्पना नसलेल्यांनी शोधून काढलेली ही सवंग क्लृप्ती आहे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. यातले कितीतरी चित्रपट बघवत नाहीत. तरीही गेली अनेक वर्षं हे चित्रपट बघत आल्यावर माझं मत पक्कं झालंय, की सण आणि भय यांची जोडी कुणी ओढूनताणून लावलेली नाही. सण म्हणजे दार उघडायचा दिवस. एरवी ज्याला उंबऱ्याबाहेर ठेवू, त्याला त्या दिवशी आपण हसत आत घेतो. हॅलोविनला मुखवटा घातलेलं कुणीही बेल वाजवतं आणि आपण त्याच्या हातावर खाऊ ठेवतो. ख्रिसमसला दाढीमागे चेहरा लपवलेल्या अनोळखी माणसाच्या मांडीवर आपण स्वतःच्या मुलाला बसवतो. व्हॅलेंटाइनला निनावी खोका आला तरी कौतुकानं उघडतो. भयकथेला याहून जास्त काय लागतं? आणि ज्याच्याकडे पैसा नाही त्याला तर हे दार फुकटच उघडं मिळतं.

ही रीत सिनेमाहून फार जुनी आहे. इंग्लंडात डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास अंधारून येतं. शेकोटीभोवती बसून त्या दिवसांत भुताच्या गोष्टी सांगायच्या, हा तिथला प्रघात. डिकन्सचं 'अ ख्रिसमस कॅरोल' (१८४३) आज आपण दानधर्माची गोड गोष्ट म्हणून ओळखतो, पण त्यात चार भुतं आहेत आणि पहिलं तर साखळदंड ओढत जिना चढून येतं. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स हे विद्वान गृहस्थ ख्रिसमसच्या सुमारास मित्रांना आपल्या खोलीवर बोलवत. नुकतीच लिहून संपवलेली गोष्ट हातात घेऊन आतून येत, एक सोडून बाकी सगळ्या मेणबत्त्या विझवत आणि वाचायला बसत. १९७१ ते १९७८ या काळात बीबीसीनं दर ख्रिसमसला एकेक भूतकथा दाखवली, त्या मालिकेची सुरुवात जेम्सच्याच कथांनी झाली. त्यातल्या बहुतेक कथा माहितीपटांतून आलेल्या लॉरेन्स गॉर्डन क्लार्क यांनी १६ मिलिमीटरच्या फिल्मवर, थोड्या पैशांत, प्रत्यक्ष जागी जाऊन चित्रित केल्या. 'अ वॉर्निंग टु द क्युरिअस' (१९७२) मध्ये नॉरफोकच्या ओसाड किनाऱ्यावर दूर एक काळी आकृती नुसती उभी असते. त्या आकृतीला कसला खर्च आला असेल? एक माणूस आणि एक काळा कोट.

या प्रघाताचा एक धागा आपल्या घरातही आहे. का. र. मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला तो इंग्रजी नियतकालिकांचे ख्रिसमस अंक डोळ्यांपुढे ठेवून. त्या इंग्रजी अंकांत भूतकथा हमखास असे. पुढे आपल्याकडे 'धनंजय', 'नवल' यांसारखे अंक रहस्य-भयकथांसाठीच वाचले गेले. फराळाचं ताट शेजारी ठेवून नारायण धारपांची कथा वाचणाऱ्या मराठी माणसाला सणाच्या दिवशी घाबरण्यात काही विटंबना वाटली नाही. मग पडद्यावरच्या भयानं का वाटावी?

पडद्यावर या जातीचा पहिला ठसठशीत नमुना मला 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' (१९७२) या ब्रिटिश चित्रपटातल्या पहिल्या कथेत दिसतो. मूळ गोष्ट १९५४ सालच्या एका अमेरिकन भयकॉमिकमधली. ख्रिसमसच्या आदल्या रात्री एक बाई (जोन कॉलिन्स) विम्याच्या पैशांसाठी नवऱ्याला मारते. तेवढ्यात रेडिओवर बातमी लागते की वेड्यांच्या इस्पितळातून एक खुनी निसटलाय आणि त्यानं सांताक्लॉजचा वेश केलाय. तो तिच्याच घराभोवती घुटमळतोय. पोलिसांना बोलवावं तर दिवाणखान्यात नवऱ्याचं प्रेत. ती एकेक खिडकी लावून घेते, दारं पक्की करते. आणि वरच्या खोलीत झोपलेली छोटी मुलगी खाली येऊन आनंदानं दार उघडते, कारण सांता आलाय. एक घर, दोन माणसं, एक मूल. सगळी गोष्ट त्या एका दारावर तोललेली आहे.

आता 'ब्लॅक ख्रिसमस'कडे सावकाश परत येऊ, कारण त्याच्यावर वेळ घालवण्यासारखा आहे. कॅनडात, टोरोंटोत चित्रित झालेला हा चित्रपट. विद्यार्थिनींचं वसतिगृह, सुट्टीला घरी निघालेल्या मुली, आणि वारंवार येणारे किळसवाणे फोन. फोनवरचा आवाज कधी माणसाचा, कधी बाईचा, कधी लहान मुलाचा; एकाच घशातून अख्खं कुटुंब भांडतंय असं वाटावं. आवाज देणाऱ्यांपैकी निक मान्कुसो यानं पुढे सांगितलंय, की गळा आवळल्यासारखा सूर यावा म्हणून त्यानं काही भाग डोक्यावर उभं राहून म्हटला. संगीतकार कार्ल झिट्रर यानं पियानोच्या तारांना काटे, कंगवे, सुऱ्या बांधून वाजवलं. सुरुवातीची ती चढण चित्रित करण्यासाठी कॅमेरामन बर्ट डंक कॅमेरा अंगावर बांधून स्वतः त्या जाळीवरून चढला. पैसा नाही म्हटल्यावर माणसं शरीर पणाला लावतात, ते असं.

पण चित्रपट टिकलाय तो या हिकमतींमुळे नाही. क्लेअर नावाची मुलगी पहिल्या काही मिनिटांतच मारली जाते. तिला सुट्टीसाठी न्यायला तिचे वडील ठरल्या वेळी येऊन थांबलेत. कोट, चष्मा, जरा कडक स्वभावाचा, शिस्तीचा बाप. मुलगी आली नाही म्हणून तो वसतिगृहात येतो, पोलिस चौकीत जातो, रात्री बागेत शोध घेणाऱ्या लोकांबरोबर फिरतो. आणि ती त्याच घराच्या माळ्यावर, खिडकीशी डुलत्या खुर्चीत, चेहऱ्यावर प्लॅस्टिकची पिशवी, अशी बसवून ठेवलेली आहे. खिडकी रस्त्यावरून दिसते. कुणी वर बघत नाही. शेवटपर्यंत ती कुणाला सापडत नाही. सणाला लेक घरी येणार म्हणून न्यायला आलेला बाप ज्याला माहीत आहे, त्याला हे दृश्य रक्ताच्या थारोळ्याहून जास्त लागतं.

दुसरं दृश्य टेलिफोन एक्स्चेंजचं. फोन कुठून येतोय ते शोधायचं तर त्या काळी एका माणसाला यंत्रांच्या लांबच लांब रांगांमधून धावत जावं लागे. उंच घोड्यांवर हजारो स्विच खडखडताहेत, आणि तो तंत्रज्ञ या रांगेतून त्या रांगेत पळतोय, एक जोडणी पकडून पुढची शोधतोय. तिकडे मुलीनं फोनवरच्या राक्षसाला बोलतं ठेवायचंय. उत्तर सापडतं तेव्हा कळतं की फोन घरातूनच येताहेत. हा धक्का पुढे इतक्या चित्रपटांनी उचलला की तो झिजून गेला. पण ते धावणं अजून कुणाला जमलेलं नाही.

आणि नायिका जेस. तिला दिवस गेलेत, तिला मूल नकोय, आणि हे ती आपल्या पियानोवादक प्रियकराला शांतपणे, न रडता सांगते. तो हट्टाला पेटतो. १९७४ साली एका स्वस्त भयपटानं हा प्रसंग इतक्या सरळपणे मांडला आणि नायिकेला त्याची शिक्षा म्हणून मारलं नाही, हे मला त्या चित्रपटाचं सर्वांत मोठं धाडस वाटतं. पुढच्या स्लॅशरांमध्ये, म्हणजे एकेकाला गाठून मारणाऱ्या खुन्याच्या चित्रपटांमध्ये, मुली ज्या कारणांसाठी मारल्या जाऊ लागल्या ती पाहिली की हे धाडस आणखी उठून दिसतं.

क्लार्क नंतर सांगत असे, की जॉन कार्पेंटर या तरुण दिग्दर्शकानं त्याला विचारलं होतं, याचा दुसरा भाग काढलास तर काय करशील? क्लार्क म्हणाला, तो खुनी इस्पितळातून पळून हॅलोविनच्या रात्री परत येईल. तो भाग क्लार्कनं काही काढला नाही. 'हॅलोविन' १९७८ साली आला तो कार्पेंटरचा. मुलं सांभाळणाऱ्या मुलींच्या मागे लागलेला खुनी, ही मूळ कल्पना निर्माता आयर्विन याब्लान्सची, आणि सगळं एका हॅलोविनच्या रात्रीत घडवायची सूचनाही त्याचीच. पैसे मुस्तफा अक्कादचे, तीन लाख डॉलरच्या थोडे वर. पटकथा कार्पेंटर आणि डेब्रा हिल यांची. मुलींचे आपापसातले संवाद हिलनं लिहिले आणि ते आजही खरे वाटतात.

गोष्ट घडते ऑक्टोबरअखेर, इलिनॉय राज्यातल्या एका काल्पनिक गावात. चित्रीकरण झालं वसंतात, कॅलिफोर्नियातल्या साउथ पॅसाडिनात. झाडं हिरवीगार, मागे कुठेतरी ताडाचं झाडही डोकावतं. म्हणून पानं तपकिरी रंगवून पोत्यांत भरून आणली. दृश्याआधी रस्त्यावर पसरायची, दृश्य झालं की सगळ्यांनी मिळून गोळा करायची आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा पसरायची. त्या दिवसांत भोपळेही मिळेनात. मुखवटा आणला दोन डॉलरांच्या आत. तो होता 'स्टार ट्रेक'च्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे नट विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा. कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसनं त्याच्या भुवया काढल्या, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फवारला, केस विस्कटले. एवढ्यावर शतकातला एक सर्वांत ओळखीचा राक्षस तयार झाला. नायिका जेमी ली कर्टिसला आठ हजार डॉलर मिळाले, तिचे कपडे साध्या दुकानातून घेतलेले. संगीतकाराला द्यायला पैसे नव्हते तेव्हा कार्पेंटर स्वतः पियानोवर बसला. लहानपणी वडिलांनी त्याला बोंगोवर पाच मात्रांचा ठेका शिकवला होता; तोच त्यानं वापरला. चार मात्रांना सरावलेला कान त्या पाचव्या मात्रेवर दर वेळी अडखळतो, आणि ते अडखळणं म्हणजेच भीती.

सण इथे नुसती सजावट नाही. वर्षात एकच रात्र अशी, की पांढरा मुखवटा घातलेला माणूस भर वस्तीतून चालत जाऊ शकतो आणि कुणी हटकत नाही. पटकथेची सगळी गैरसोय त्या एका तारखेनं मिटवली. चित्रपटानं नुसत्या अमेरिकेतच चार कोटी सत्तर लाख डॉलरच्या आसपास मिळवले.

मग झुंबड उडाली. तिला दोन कारणं होती. एक उघडच, एवढ्या थोड्या पैशांत एवढा नफा बघून कुणाच्याही तोंडाला पाणी सुटेल. दुसरं कारण कॅनडाच्या आयकर खात्यात दडलंय. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून तिथे कॅनेडियन चित्रपटात घातलेल्या पैशांवर शंभर टक्के वजावट मिळू लागली. डॉक्टर, वकील, दंतवैद्य कर वाचवायला चित्रपटांत पैसे घालू लागले, आणि निर्मात्यांना झटपट विकला जाईल असा माल हवा होता. 'प्रॉम नाइट', 'टेरर ट्रेन', 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' ही सगळी त्या लाटेतली पोरं. 'टेरर ट्रेन' (१९८०) नववर्षाच्या रात्री धावत्या आगगाडीतल्या वेशभूषा पार्टीत घडतो; खुनी दर बळीनंतर त्याचाच वेश चढवतो. त्याचं छायालेखन जॉन ऑल्कॉटचं, ज्यानं कुब्रिकच्या 'बॅरी लिंडन'मध्ये मेणबत्त्यांच्या उजेडात चित्रण केलं होतं. पडेल समजल्या गेलेल्या चित्रपटांत असे मोठे कारागीर अधूनमधून भेटतात आणि मला दर वेळी त्याचं अप्रूप वाटतं.

जॉर्ज मिहाल्काचा 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' (१९८१) या गर्दीतला माझा आवडता. नोव्हा स्कोशियातल्या सिडनी माइन्स या कोळशाच्या गावात, बंद पडलेल्या खऱ्या खाणीत तो चित्रित झाला. चित्रपटवाले येणार म्हणून गावकऱ्यांनी कौतुकानं खाण धुऊनपुसून, रंगवून लख्ख केली. मग ती पुन्हा काळीकुट्ट करायला निर्मात्यांना वेगळा खर्च करावा लागला. पण त्या गावाचं खरेपण चित्रपटात उतरलंय. इथली पोरं उन्हाळी शिबिरातली श्रीमंत मुलं नाहीत, पाळी संपवून अंघोळीला येणारे खाणकामगार आहेत. पर्यवेक्षक घाईघाईनं नाचाच्या कार्यक्रमाला निघून गेले, वायू तपासला नाही, आणि खाली माणसं गाडली गेली, अशी पूर्वकथा आहे. म्हणून व्हॅलेंटाइनचा नाच त्या गावात वीस वर्षं बंद. या भीतीच्या मुळाशी एका सणापायी झालेला निष्काळजीपणा आहे. सेन्सॉरच्या मागणीवरून त्यातली कितीतरी मिनिटं कापली गेली. काही भाग २००९ साली डीव्हीडीवर परत आला.

'न्यू इयर्स ईव्हिल', 'टु ऑल अ गुड नाइट', 'होम स्वीट होम' ही नावं नुसती घेऊन पुढे जातो. त्यांत तारीख आहे, सण नाही.

लुईस जॅक्सनच्या 'ख्रिसमस ईव्हिल'शी (१९८०) मात्र थांबलं पाहिजे. दिग्दर्शकानं ठेवलेलं मूळ नाव 'यू बेटर वॉच आउट'. वितरणात ते बदललं गेलं आणि प्रेक्षकांची दिशाभूल झाली. हा रूढ अर्थानं भयपटच नाही. हॅरी नावाचा मध्यमवयीन, एकटा माणूस खेळण्यांच्या कारखान्यात नोकरीला आहे. घरात वर्षभर ख्रिसमस. दुर्बिणीतून तो आळीतल्या मुलांवर लक्ष ठेवतो आणि चांगल्या-वाईट मुलांच्या जाड वह्या भरतो. कारखान्यात सहकारी त्याला गंडवून आपली पाळी त्याच्या गळ्यात मारतात. मालक मंडळी इस्पितळातल्या मुलांना खेळणी देण्याची जाहिरात करतात, देण्याची दानत कुणाला नाही. हॅरीला हे सहन होत नाही. तो सांताचा पोशाख शिवतो, दाढी चेहऱ्याला चिकटवतो, कारखान्यातली खेळणी चोरून व्हॅनमध्ये भरतो आणि थेट त्या इस्पितळाच्या दारात नेऊन देतो. तिथले कर्मचारी आधी गोंधळतात, मग त्यांचे चेहरे खुलतात. नट ब्रँडन मॅगार्टच्या डोळ्यांत त्या वेळी जो आनंद दिसतो तो बघताना आपण विसरतो, की अजून काही मिनिटांत हाच माणूस चर्चच्या पायऱ्यांवर माणसं मारणार आहे. शेवटी हातात मशाली घेतलेले लोक त्याच्या मागे लागतात, आणि मुलं त्याला वाचवायला मध्ये उभी राहतात.

याचं छायालेखन रिकार्डो अरोनोविचचं; त्यानं फ्रान्समध्ये दिग्दर्शक अलँ रेनेबरोबर काम केलं होतं. चित्रपट पडला. वर्षानुवर्षं तो खराब प्रतींमधून हातोहात फिरत राहिला. दिग्दर्शक जॉन वॉटर्सनं त्याची बाजू जाहीरपणे उचलून धरली आणि हळूहळू त्याला स्वतःचा प्रेक्षक मिळाला. सणाच्या दिवशी एकट्या माणसाचं एकटेपण दुपटीनं अंगावर येतं, ही गोष्ट जगात सगळीकडे खरी आहे. ती इतक्या कळवळ्यानं सांगणारा दुसरा ख्रिसमस चित्रपट मी पाहिलेला नाही, भयपटांत नाही आणि कौटुंबिक चित्रपटांतही नाही.

गहजब झाला तो मात्र दुसऱ्याच चित्रपटावरून. 'सायलेंट नाइट, डेडली नाइट' ९ नोव्हेंबर १९८४ ला लागला, 'अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट' लागला त्याच दिवशी. पहिल्या शनिवार-रविवारी त्यानं 'नाइटमेअर'पेक्षा थोडा जास्त गल्ला जमवला, तोही पडदे जास्त होते म्हणून. पण धुराड्यातून कुऱ्हाड घेऊन उतरणाऱ्या सांताची जाहिरात मुलं जागी असताना टीव्हीवर झळकली, आणि आया रस्त्यावर उतरल्या. थिएटरबाहेर फलक घेऊन, ख्रिसमसची गाणी म्हणत निदर्शनं झाली. समीक्षक जीन सिस्केलनं टीव्हीवर या चित्रपटाशी संबंधित लोकांची नावं वाचून दाखवत त्यांची छी-थू केली. वितरक कंपनीनं जाहिराती थांबवल्या आणि चित्रपट मागे घेतला.

मला त्या आयांचा राग येत नाही. चार वर्षांच्या मुलाला ती जाहिरात दिसू नये हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. चित्रपटही ओबडधोबड आहे. पण निंदकांनी त्यातला एक भाग बघितलाच नाही. सांताच्या वेशातल्या चोरानं आईबाप मारलेले डोळ्यांनी पाहिलेला मुलगा अनाथालयात येतो, आणि त्याची भीती मोडायची म्हणून तिथली मुख्य नन त्याला जबरदस्तीनं सांताच्या मांडीवर बसवते. 'सण आहे, हसायलाच पाहिजे' या सक्तीनं एक पोर कसं मोडतं, हे त्या पहिल्या अर्ध्या तासात फार प्रामाणिकपणे आलंय. नंतरच्या तासात चित्रपट ते विसरतो, हा त्याचा खरा दोष.

'सायलेंट नाइट'चा दुसरा भाग (१९८७) तर पैसे वाचवण्याचा कळस. तो जवळपास निम्मा पहिल्याच भागातल्या तुकड्यांनी भरलेला आहे. उरलेल्या निम्म्यात नायक कचऱ्याचा डबा बाहेर ठेवणाऱ्या एका माणसाला गोळी घालताना जे ओरडतो, ते पंधरा-वीस वर्षांनी इंटरनेटवर जगभर गाजलं. लोक त्याला हसतात. त्या हसण्यात मी सामील होत नाही. तो नट, तो दिग्दर्शक ली हॅरी आणि त्यांचे थोडेसे सहकारी यांना कुणी धड वेळ दिला नव्हता, धड पैसे दिले नव्हते. त्यांनी तरीही काहीतरी उभं केलं.

इथे 'कल्ट' या शब्दाबद्दल बोललं पाहिजे. चित्रपट कल्ट होतो म्हणजे त्याच्यामागे जाहिरात नसताना माणसं उभी राहतात. त्याला तीन गोष्टी कारणीभूत ठरल्या: मध्यरात्रीचे खेळ, व्हिडिओ कॅसेटची दुकानं आणि रात्री उशिराचा टीव्ही. जॉर्ज रोमेरोचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) सणाचा चित्रपट नाही, पण आज तो हॅलोविनचा घटकच झालाय, आणि त्याचं कारण एक चूक आहे. सव्वा लाख डॉलरच्या आत झालेल्या या चित्रपटाचं नाव ऐन वेळी बदललं, नव्या नावाच्या पट्टीवर स्वामित्वहक्काची ओळ घालायची राहिली, आणि चित्रपट कुणाच्याच मालकीचा उरला नाही. कुणीही दाखवावा, कुणीही कॅसेट काढावी. कर्त्यांना त्यांच्या हक्काचे पैसे मिळाले नाहीत ही हळहळ कायमची, पण ऑक्टोबर आला की तो कुठल्या ना कुठल्या वाहिनीवर लागत राहिला आणि पिढ्यांनी पाहिला.

सणाच्या चित्रपटाला हाच मोठा आधार असतो. इतर पडेल चित्रपट एकदा गेला की गेला; याची तारीख दर वर्षी येते. मायकेल डॉहर्टीचा 'ट्रिक ऑर ट्रीट' २००७ साली तयार होऊन स्टुडिओच्या कपाटात पडून राहिला आणि २००९ साली थेट डीव्हीडीवर आला. आज तो हॅलोविनला आवर्जून बघितला जातो. त्यात गोणपाटाचा मुखवटा घातलेलं एक लहान पोर आहे. सणाचे नियम मोडणाऱ्यांना ते शिक्षा करतं, बाकीच्यांना हात लावत नाही. हॅलोविन पाळायचा कसा आणि का, हे या चित्रपटाइतकं कुणी मनावर घेतलेलं नाही.

युरोपानं गेल्या काही वर्षांत आणखी मागे जाऊन उकरलंय. आल्प्सच्या गावांत ५ डिसेंबरच्या रात्री शिंगं, केसाळ कातडी आणि घंटा घेऊन क्रॅम्पस निघतो, वाईट मुलांना धाक घालायला. फिनलंडात सांताला 'योउलुपुक्की' म्हणतात, त्याचा शब्दशः अर्थ ख्रिसमसचा बोकड. याल्मारी हेलँडरचा 'रेअर एक्स्पोर्ट्स' (२०१०) त्या जुन्या, शिंगाच्या सांतावर उभा आहे. रेनडिअर पाळणारा गरीब बाप, आई नसलेला त्याचा मुलगा, आणि डोंगराच्या पोटात गोठवून ठेवलेलं काहीतरी. लाल कोटातला हसरा म्हातारा अलीकडचा. त्याच्या आधी त्या रात्री जे यायचं त्याला लोक घाबरत असत. विटंबनेचा आक्षेप घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. भय सणात बाहेरून घुसलेलं नाही, ते तिथलं मूळचं रहिवासी आहे.

सध्याचं चित्र दुहेरी आहे. डेमियन लिओननं 'टेरिफायर ३' (२०२४) हा ख्रिसमसचा रक्तपात वीसेक लाख डॉलरमध्ये काढला आणि जगभरात नऊ कोटी डॉलरच्या घरात धंदा केला. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत तो सर्वांत पुढे होता. लिओन कृत्रिम अवयव आणि जखमा हातानं घडवतो, त्या कारागिरीला माझा सलाम. पण सांताचा वेश काढून घेतला तरी त्या चित्रपटाचं काही बिघडत नाही. 'ब्लॅक ख्रिसमस'मधून ख्रिसमस काढा, तो बाप उरत नाही, रिकामं होत जाणारं वसतिगृह उरत नाही, दारात गाणी म्हणणारी मुलं उरत नाहीत, ज्यांच्या आवाजात वरच्या खोलीतली किंकाळी बुडून जाते.

बॉब क्लार्कनं १९८३ साली 'अ ख्रिसमस स्टोरी' काढला. चष्मिष्ट मुलगा, त्याला हवी असलेली छऱ्यांची बंदूक, कुरकुरणारा बाप, प्रेमळ आई. १९९७पासून अमेरिकन केबल वाहिन्यांवर तो ख्रिसमसला सलग चोवीस तास दाखवला जातो. म्हणजे ख्रिसमसचा सर्वांत भयानक आणि सर्वांत लाडका असे दोन्ही चित्रपट एकाच माणसाचे. २००७ साली दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकानं धडक दिली, त्या अपघातात क्लार्क आणि त्याचा तरुण मुलगा दोघंही गेले.

पुण्या-मुंबईच्या, कोल्हापूरच्या, पणजीच्या फिल्म सोसायट्यांना माझी विनंती आहे. एखाद्या डिसेंबरात हे दोन्ही चित्रपट एका संध्याकाळी लागोपाठ दाखवा. आधी मुलांसाठी 'अ ख्रिसमस स्टोरी', मग मुलांना घरी पोचवून मोठ्यांसाठी 'ब्लॅक ख्रिसमस'. लॅपटॉपवर नको, मोठ्या पडद्यावर, पूर्ण अंधारात, आवाज नीट लावून. आणि श्रेयनामावली सरकू लागली म्हणून दिवे लावू नका. घर शांत झालेलं असतं, नावं सरकत असतात आणि आत फोन वाजत असतो.